वासरांची हगवण आणि चिकाचे महत्त्व

जन्मतः धडधाकट असलेल्या वासरास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळ, पिवळसर-पांढरी हगवण लागते, डोळे खोल जातात आणि वेळीच उपचार न झाल्यास ते दगावते. चांगल्या गाईची कालवड अशी गेली, तर गोठ्याचे पुढील काही वर्षांचे नियोजन बिघडते. या वयातील हगवणीचे एक प्रमुख कारण म्हणजे 'ई. कोलाय' जिवाणूचा विशिष्ट प्रकार होय.

जिवाणू आतड्यात कसा ठाण मांडतो?

हा जिवाणू शेण, ओली जमीन किंवा सडांवरील घाण यांतून वासराच्या तोंडात जातो. परंतु आतड्यातील अन्न सतत पुढे सरकत असल्याने तो त्याबरोबर वाहूनही जाऊ शकतो. टिकण्यासाठी त्याच्या अंगावर सूक्ष्म तंतू असतात. लहान आतड्याच्या पेशींवर काही शर्करायुक्त स्निग्ध रेणू असतात. धोतराला कुसळ रुतावे तसे हे तंतू त्या रेणूंना धरून बसतात. मग जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते व चिकट आवरणातील त्यांचा थर, म्हणजेच बायोफिल्म, आतड्याच्या अस्तरावर पसरतो. तेथून सुटणाऱ्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात उतरतात.

नवजात वासरात हे रेणू भरपूर असतात. वयाबरोबर काही दिवसांतच जिवाणूला धरायला मिळणारी जागा कमी होते. म्हणून पहिले तीन-चार दिवस अधिक धोक्याचे असतात.

चीक काय करतो?

गाई-म्हशींत आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भाला वारेतून मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. आतड्यातून ती रक्तात शोषली जाण्याची क्षमता तासागणिक घटते व सुमारे २४ तासांनी संपते. त्यानंतरही आतड्यात असलेली प्रतिपिंडे जिवाणूचे तंतू झाकतात. तसेच चिकातील काही शर्करा आतड्यावरील रेणूंसारख्या असतात. जिवाणू त्यांनाच धरतो व शेणावाटे बाहेर पडतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासावरून दिसते.

काय करावे?

१) जार पडण्याची वाट न पाहता, जन्मानंतर तासाभरात सड स्वच्छ धुऊन चीक पाजावा.

२) वजनाच्या किमान एक-दशांश चीक पहिल्या १२ तासांत द्यावा. २५ किलोच्या वासरास अडीच किलो. त्यातील निम्मा पहिल्या दोन तासांत.

३) पुढे तीन-चार दिवस चीक चालू ठेवावा. खरवसासाठी वासराचे पोट भरल्यावर उरेल तेवढाच घ्यावा.

४) विण्याची जागा कोरडी ठेवावी. नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे.

५) हगवण लागताच पशुवैद्यकास बोलवावे व त्यांच्या सल्ल्याने क्षार-साखरेचे पाणी पाजावे. प्रतिजैविके मनाने देऊ नयेत.

चिकाला पैसा पडत नाही, मात्र वेळ चुकली की तो दुसऱ्या दिवशी कितीही पाजला तरी पहिल्या तासांची भरपाई होत नाही.