पांढरा रंग कागदाचाच

जलरंगातल्या सशाचं पोट जिथे पांढरंशुभ्र दिसतं, तिथे बहुतेक वेळा रंगच नसतो. ती जागा चित्रकाराने मुद्दाम कोरी ठेवलेली असते. तैलरंगात पांढरा रंग वरून लावता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड येतो तो खालच्या कागदाकडून. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत बाहेर येतो. एकाच रंगातून दोनदा गाळला गेलेला हा प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, म्हणून चांगलं जलरंगचित्र आतून उजळल्यासारखं वाटतं.

आणि हे सगळं कशातून घडतं? रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड, बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक आणि पाणी. पाणी उडून जातं, डिंक कणांना कागदावर धरून ठेवतो. ओला डाग वाळताना कडेचं पाणी आधी उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि रंगाचे कण सोबत नेतं. टेबलावर सांडलेल्या चहाच्या थेंबाभोवती गडद कडं उरतं, तसंच. शिकागोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी या वाहण्याचा उलगडा १९९७ साली केला. चित्रकार मात्र ही कड कितीतरी पिढ्या नुसत्या हाताच्या अंदाजाने सांभाळत होते: कुठे ती हवी म्हणून तशीच वाळू द्यायची, कुठे स्वच्छ ओल्या ब्रशने विरवून टाकायची.

एक चित्र असं साधणंही अवघड. मुलांच्या चित्रपुस्तकात तर तोच ससा पानापानावर भेटला पाहिजे, आणि तो तोच आहे याबद्दल चार वर्षांच्या वाचकाला तिळमात्र शंका येता कामा नये.

इंग्रज लेखिका-चित्रकार बिएट्रिक्स पॉटरने हे करून दाखवलं. ४ सप्टेंबर १८९३ रोजी तिने स्कॉटलंडहून आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएल मूरला पत्र लिहिलं. त्यात बातम्यांऐवजी पीटर नावाच्या सशाची गोष्ट होती, शाईच्या रेखाटनांसकट. काही वर्षांनी तेच पत्र त्याच्याकडून परत मागून घेऊन तिने त्याचं पुस्तक केलं. प्रकाशकांनी नकार दिले. मग डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. आतली चित्रं काळी-पांढरी. फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेला मात्र रंगीत चित्रं हवी होती. पॉटर आधी तयार नव्हती. एक तर खर्च, आणि दुसरं म्हणजे सशाचा तपकिरी आणि पाल्याचा हिरवा, यात बघण्यासारखं काय, असं तिला वाटे!

पण तिची खरी तयारी तोवर झालेली होती. तिने ससे पाळले होते आणि वर्षानुवर्षं त्यांची चित्रं काढली होती. एकाच कागदावर सशाचं डोकं निरनिराळ्या कोनांतून न्याहाळणारी तिची अभ्यासचित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. कान मागे पडले की डोळ्यावरची कातडी कशी ताणते, हे ज्याच्या हाताला पाठ आहे त्यालाच सशाला जॅकेट घालता येतं.

पीटर मुळे खातोय ते चित्र बघा. निळं जॅकेट, हातात लालभडक मुळा, शेजारी अवजाराच्या दांड्यावर रॉबिन पक्षी. फिकटाकडून गडदाकडे जाणारं काम आहे हे: आधी पातळ थर, तो वाळला की दुसरा, शेवटी ब्रशच्या टोकाने केसांच्या बारीक रेघा. बाजूची झाडं हळूहळू विरत पानाच्या कोऱ्या कागदात मिसळतात. चित्र कुठे संपलं आणि पान कुठे सुरू झालं, बोट ठेवता येत नाही. तपकिरी-हिरव्याच्या कंटाळ्याला त्या निळ्या जॅकेटइतकं सुंदर उत्तर मला दुसरं सुचत नाही.

ऑक्टोबर १९०२ मध्ये रंगीत पुस्तक आलं ते तेव्हा नव्या असलेल्या तिरंगी छपाईने. त्याआधी रंगीत चित्रांसाठी अनेकदा प्रत्येक रंगाचा लाकडी ठसा कोरावा लागे. नव्या पद्धतीत मूळ चित्राचे वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून फोटो घेऊन तीन ठसे करत आणि पिवळी, लाल, निळी शाई बारीक ठिपक्यांनी एकावर एक छापत. या शायाही पारदर्शक! प्रकाश त्यांच्यातून जातो आणि कागदावरून परततो. म्हणजे छापलेलं पानही जलरंगाच्याच नियमाने उजळतं. जलरंग आणि मुलांची पुस्तकं यांचं इतकं जमलं, त्यामागे हीही गोष्ट असावी.

घरात जलरंगातलं कुठलंही छापील चित्रपुस्तक असेल तर भिंग घेऊन ते मुलांसोबत उघडा. एखाद्या रंगीत भागात ठिपके मोजा, मग चित्रातला कोरा पांढरा भाग शोधा. तिथे ठिपके अगदी विरळ असतील, कदाचित एकही सापडणार नाही.