विमानाच्या उतरणीची वाट

सोलापुरातील सात रस्ता चौकात सकाळच्या वेळी घटकाभर उभे राहिले, तर वाहतूक-नियमनाचे मर्म सहज ध्यानी येते. निरनिराळ्या दिशांनी आलेली वाहने एका जागी मिळतात. काही थांबतात, काही वळतात आणि वाट मोकळी होते. गजबजलेल्या विमानतळाभोवतीच्या आकाशातही हेच घडते. मात्र तेथे कोणालाही जागच्या जागी थांबता येत नाही. वाट पाहावयाची तर विमानाला नेमून दिलेल्या उंचीवर घिरट्या घालाव्या लागतात. उतरताना एकमेकांच्या वरखाली असलेल्या विमानांत सामान्यतः १,००० फुटांचे अंतर राखले जाते.

हे अंतर मोडले की काय होते, हे देशाने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी पाहिले. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग आणि दिल्लीत उतरू पाहणारे कझाकस्तानचे इल्युशिन हरियाणातील चरखी दादरीजवळ एकमेकांवर आदळले व ३४९ जण प्राणांस मुकले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. ते त्याहून खाली आले. येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना तेव्हा एकच मार्ग होता. पुढे ते मार्ग वेगळे करण्यात आले आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारे उपकरण विमानांत बंधनकारक झाले.

सोलापूरचा प्रश्न गर्दीचा नव्हता, तो जमिनीवरूनच वर आलेला होता. होटगी रस्त्यावरील विमानतळालगत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी उभी होती. विमान साधारणतः तीन अंशांच्या कोनातून उतरते. म्हणजे टेकण्याच्या जागेपासून एक किलोमीटरवर ते अवघे ५२ मीटर, तर दोन किलोमीटरवर १०५ मीटर उंच असते. धुके, वाऱ्याचा झोत, एखादे इंजिन बंद पडणे हे सारे गृहीत धरून या वाटेखालची जागा मोकळी ठेवावी लागते. उपकरणांच्या साहाय्याने उतरावयाच्या मोठ्या धावपट्टीसमोर दर ५० मीटर अंतरामागे एक मीटर, इतकीच चढती मर्यादा प्रारंभी असते. सभोवारच्या चार किलोमीटरांच्या परिसरात सर्वसाधारण मर्यादा ४५ मीटरांची. चिमणी तिच्या दुप्पट होती!

या आकड्यांपुढे वाद मिटावयास हवा होता, असे दुरून वाटेल. परंतु ती चिमणी ऊसउत्पादक सभासदांच्या घामाची होती, आणि विमानसेवेवाचून शहराचे उद्योग अडतात, असे म्हणणाऱ्यांचेही खरे होते. आंदोलने झाली, न्यायालयाचे उंबरठे झिजले. अखेर १५ जून २०२३ रोजी नियंत्रित स्फोटाने ती पाडण्यात आली. काही क्षणांत ती कोसळली. वाद मात्र वर्षानुवर्षे चालला होता. बांधकामापूर्वीच उंचीचा निवाडा झाला असता तर दोन्ही बाजूंचा खर्च वाचला असता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे विमानतळाचे उद्घाटन केले आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. धावपट्टीशेजारी चार दिव्यांची एक ओळ असते. वैमानिकाला दोन पांढरे व दोन तांबडे दिसले, की उतरण योग्य. चारही तांबडे दिसले, तर विमान फार खाली आले आहे.