सटवीचा लेख आणि पेशीचे वाचन

बाळाच्या कपाळी सटवी लिहून जाते आणि ते कुणालाच पुसता येत नाही, ही समजूत मागे पडली. पण ‘जीन्समध्येच आहे’ म्हणून विषय संपवणारी नवी सटवी तिच्या जागी आली आहे. तिच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष सिकलसेलची. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात परिचित असलेला हा आजार डीएनएच्या एका अक्षरातून उद्भवतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ येते. रायबोसोम तीन-तीन अक्षरे वाचत इमानेइतबारे एकेक अमिनो आम्ल ओवत जातो आणि 146 मण्यांच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी 1957 मध्ये नेमका हा फरक दाखवला. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे, व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरणारे. ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोरे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते.

मग लिहिले तेच घडते, असे का म्हणू नये? कारण हेच चुकीचे अक्षर रुग्णाच्या त्वचेच्या आणि यकृताच्या पेशींतही असते. तिथे ते पान मिटलेलेच राहते. अस्थिमज्जेत घडणाऱ्या तांबड्या पेशी मात्र त्याची आरएनए प्रत केंद्रकाबाहेर पाठवतात. शिवाय हा दोष घेऊन जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही. गर्भात मुख्यतः गॅमा साखळीचे जनुक वाचले जाते, आणि त्यापासून बनलेले हिमोग्लोबिन दोरे होऊ देत नाही. जन्मानंतर ‘बीसीएल-11-ए’ नावाचे प्रथिन गॅमाचे पान मिटवते, बीटाचे वाचन वाढते आणि आजार डोके वर काढतो.

यावर कुणी म्हणेल, पान मिटवणारे प्रथिनही जनुकातूनच आले ना? खरे आहे. पण जनुकांत लिहिलेले असणे आणि ते अटळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, तीही डीएनएतले ते अक्षर न बदलता. ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये मान्य केलेली ‘कॅसजेव्ही’ ही जनुकीय उपचारपद्धती रक्ताच्या मूळपेशींत ‘बीसीएल-11-ए’चे बटण निकामी करते आणि गॅमाचे पान पुन्हा उघडते. उपचार सध्या अतिशय महाग आणि शरीराला जड आहे; पण तो यशस्वी झालेल्या रुग्णाच्या बीटा जनुकात ‘जीटीजी’ जिथल्या तिथेच आहे.