बातमीला बंदी, टवाळीला मुभा

जुलै २०१७. मुंबई महापालिकेच्या आरोग्य खात्याची माणसं वांद्र्याला पाली नाक्याजवळच्या एका घरात डास शोधायला गेली. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं होतं, त्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडल्या आणि पालिकेच्या कायद्याप्रमाणे नोटीस निघाली. पावसाळ्यात अशा नोटिसा मुंबईत पुष्कळ निघतात आणि त्यांची कुणी दखलही घेत नाही. ही एक नोटीस मात्र देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. ते घर होतं मलिष्का मेंडोन्साचं, म्हणजे ९३.५ रेड एफएमवर सकाळी मुंबईला उठवणाऱ्या मलिष्काचं. आणि त्याच सुमाराला तिचं एक गाणं शहरभर वाजत होतं.

त्या दिवसांत ‘सोनू, तुझा माझ्यावर भरोसा नाय काय’ हे गाणं ज्याच्या त्याच्या मोबाइलवर होतं. कॉलेजची पोरं, बँकेतले कर्मचारी, हळदीला जमलेल्या बायका, सगळे घोळका करून ते म्हणत आणि चित्रफिती पाठवत. मलिष्काने तीच चाल उचलली. सोनूच्या जागी मुंबईला बसवलं आणि तुझा महापालिकेवर विश्वास आहे की नाही, असं तिलाच विचारलं. मग खड्डे, वाहतुकीची कोंडी, पावसात तुंबणारं शहर. तक्रारीत नवीन काहीच नव्हतं. रोज सकाळी वर्तमानपत्रं हेच छापत होती, फोटोसकट. तरी पालिकेला लागलं ते गाणंच. शिवसेनेच्या दोन नगरसेवकांनी आयुक्तांना पत्र लिहून मलिष्कावर ५०० कोटी रुपयांचा अब्रूनुकसानीचा दावा लावा, अशी मागणी केली. पालिकेचा त्या वर्षीचा अर्थसंकल्प २५,१४१ कोटींचा होता, म्हणजे एका गाण्याची भरपाई त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी मागितली गेली. नगरसेविका किशोरी पेडणेकर यांनी गाण्याला गाण्यानेच उत्तर दिलं. हे मला मनापासून आवडलं होतं. नोटिशीपेक्षा गाणं केव्हाही बरं. पेडणेकर पुढे २०१९ मध्ये मुंबईच्या महापौर झाल्या.

छापील बातमीने जे होत नाही ते सकाळच्या रेडिओवरच्या टवाळीने का व्हावं? मला वाटतं, याचं मूळ सरकारच्या एका नियमात आहे.

आपल्या देशात खाजगी रेडिओला स्वतःची बातमी देता येत नाही. दूरचित्रवाणीवर शेकड्याने बातम्यांच्या वाहिन्या आहेत, मोबाइलवर तर कुणीही उठून बातमी देतो. खाजगी रेडिओला मात्र ती मोकळीक नाही. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे काही तास खाजगी कंपन्यांना भाड्याने दिले. हवेतल्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची नव्हे, असं १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मग परवान्यांचे लिलाव झाले. २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खाजगी केंद्र सुरू झालं आणि २००२ मध्ये मुंबईत एकामागून एक केंद्रं आली. या सगळ्यात बातमीवरची बंदी तशीच राहिली. २०११ च्या धोरणात आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, एक शब्द न बदलता ऐकवायची परवानगी मिळाली. ती प्रत्यक्षात यायला २०१९ उजाडलं. त्याच धोरणात, कोणती माहिती ‘बातमी’ धरली जाणार नाही, याची यादी आहे. त्यात वाहतूक आली, हवामान आलं, परीक्षांचे निकाल आले, सणसमारंभ आले. वीज, पाणी, रोगाची साथ यांच्या जाहीर सूचनाही आल्या, पण स्थानिक प्रशासनाने दिल्या असतील तेवढ्याच.

म्हणजे उद्या अमुक विभागात पाणी येणार नाही, हे आरजेने सांगायचं. गेल्या आठवड्यात दुरुस्त केलेली जलवाहिनी पुन्हा का फुटली आणि ते काम कुणी केलं होतं, हे सांगायला गेलं की बातमी होते. ऐकणारी बाई मात्र हंडे भरून ठेवताना नेमकं तेच विचारत असते. प्रशासनाची सूचना आणि तिचा प्रश्न यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, तिथे आरजे चिमटा काढतो. नियम चिमट्याबद्दल काही म्हणत नाही. मुंबईतल्या सकाळच्या रेडिओची सगळी टवाळी या सांदीत उगवली आहे, असं मी मानतो.

ती करायला कसब लागतं. दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्याला रेडिओवाले ‘लिंक’ म्हणतात. लिंक मिनिट-दीड मिनिटाची, कधी त्याहून कमी. पुढच्या गाण्याचं सुरुवातीचं संगीत वाजू लागलेलं असतं आणि गायकाचा पहिला शब्द यायच्या आत शेवटचं वाक्य पडलं पाहिजे. शब्द गाण्यावर चढला की विनोद गेला. श्रोत्यांचे फोन पुष्कळदा गाणं चालू असताना ध्वनिमुद्रित होतात. त्यातलं अडखळणं, ‘हॅलो, ऐकू येतंय का?’, मागचा कुकर, हे कापून मग ते हवेत जातात. सकाळचा आरजे उजाडायच्या आधी स्टुडिओत पोचतो, दिवसाची वर्तमानपत्रं चाळतो. बातमी द्यायची नसली तरी ती माहीत असावीच लागते, कारण ऐकणाऱ्याने ती वाचलेली असते. विनोदाचा अर्धा भाग श्रोत्याच्या डोक्यात आधीच तयार असतो. आरजेने फक्त उरलेला अर्धा द्यायचा.

यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते भूगोलाचं भान. जुलै महिन्यात नुसतं ‘हिंदमाता’ म्हणा, दादर-परळकडचा माणूस हसेल किंवा कपाळावर हात मारेल. मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पावसात तुंबणाऱ्या जागांची नावंही तशीच. बाहेरगावच्या माणसाला यात हसण्यासारखं काय, ते कळणार नाही. ‘मेगाब्लॉक’ म्हटलं की रविवारची पाहुणचाराला जायची सगळी आखणी डोळ्यांपुढे येते. ‘चौथी सीट’ म्हटलं की अर्धी मांडी हवेत ठेवून केलेला कल्याणचा प्रवास आठवतो. मुंबईकराची सकाळ तासांनी चालत नाही, आठ बाराची, आठ एकोणीसची अशी मिनिटांनी चालते. या मिनिटांमध्ये वावरणारा आवाजच लोकांना आपला वाटतो. दुसऱ्या शहरात बसून हे लिहून पाठवता येत नाही. काही कंपन्यांनी एकच कार्यक्रम अनेक शहरांत ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा खर्च वाचला खरा, पण ऐकणाऱ्याच्या गल्लीचं नाव त्यात येईनासं झालं. हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

रेडिओवर कारभाराची थट्टा एफएमनेच आणली, असंही नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरचं ‘पुन्हा प्रपंच’ ऐकलेली पिढी अजून आहे. प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीना वहिनी, बाळ कुडतरकरांचे पंत. तीन माणसं, एक घर आणि चालू घडामोडींवरची त्यांची बोलाचाली. सरकारी केंद्रावरून, सरकारी चौकटीत राहून ती तिघं मध्यमवर्गाच्या मनातलं बोलत. त्या कुरकुरीत घरपण होतं. भावजी आले की चहा टाकायचा आणि तक्रार करायची, ती चार भिंतींच्या आत. एफएमच्या आरजेने ती घराबाहेर काढली आणि वॉर्ड ऑफिसच्या दारात नेऊन उभी केली. स्वभाव बदलला, पण ‘हा आपल्याच घरातला माणूस बोलतोय’ ही खात्री दोन्हीकडे सारखी आहे. मलिष्काला श्रोते ‘मलिष्का मॅडम’ म्हणत नाहीत, अगं-तुगं करतात. एकेरी हाक मुंबईत सहजासहजी मिळत नाही.

ही सलगी गाण्यांनी आणि बक्षिसांनी कमावलेली नाही. माझ्या मते तिचा मोठा भाग २६ जुलै २००५ चा आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, फोन बंद पडले, लोकल जागच्या जागी थांबल्या, माणसं कमरेएवढ्या पाण्यातून मैलोनमैल चालत राहिली. तेव्हा सेलवरचा लहानसा रेडिओ चालत होता. एफएम केंद्रांनी नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवून निरोप द्यायला सुरुवात केली. कुठे पाणी चढलंय, कुठून जाऊ नका, अमक्याची आई तमक्या शाळेत सुखरूप आहे. एरवी जे आवाज सकाळी फिरक्या घेत, तेच त्या रात्री लोकांना घरची वाट सांगत होते. ज्याने पुरात आपल्याला घरचा निरोप सांगितला, त्याने पुढच्या पावसाळ्यात पाण्यावर विनोद केला तर तो चालतो.

नाही चालत, ती टवाळीही सांगितली पाहिजे. २००७ मध्ये दिल्लीत रेड एफएमच्याच एका आरजेने इंडियन आयडॉल जिंकलेल्या प्रशांत तमांगवर विनोद केला. नेपाळी म्हणजे गुरखा, आणि गुरखा गायला लागला तर राखण कोण करणार, या अर्थाचा. बोलणाऱ्याला ती नेहमीची सकाळची गंमत वाटली असेल. पण त्यावरून सिलिगुडीत मोर्चा निघाला, दंगल झाली, संचारबंदी लागली. केंद्राचं नाव तेच, थट्टेचा सूरही तोच. फरक हा, की तिथे विनोद रात्री जागून दुसऱ्याचं दार राखणाऱ्या माणसाच्या अंगावर गेला. फोनवरून लोकांना फसवण्याचे जे खेळ बहुतेक केंद्रांवर चालतात, तेही मला याच कारणाने आवडत नाहीत. बँकेचा अधिकारी असल्याचं सोंग करून एखाद्याला रडकुंडीला आणायचं आणि मग ‘गंमत केली’ म्हणायचं. प्रसारणाआधी त्याची परवानगी घेतात, असं सांगतात. तरी त्या दोन मिनिटांत तो माणूस खरोखर घाबरलेला असतो, आणि आपण ते चहा पिता पिता ऐकतो.

मलिष्काच्या गाण्यावर पालिकेच्या बाजूने जे बोललं गेलं, त्यात तथ्य अजिबात नव्हतं असंही नाही. मुंबईतले सगळे रस्ते तेव्हा पालिकेचे नव्हते. काही एमएमआरडीएकडे होते, काही सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, काही रस्ते विकास महामंडळाकडे. खड्डा कुणाचा, हे गाण्यात मावत नाही. बातमीत मावलं असतं. पण ती द्यायची रेडिओला परवानगी नाही, आणि त्यामुळे त्या वाटणीचं शास्त्र श्रोत्यापर्यंत पोचत नाही. पोचतो तो फक्त संताप. बातमीबंदीची किंमत इथे पालिकेनेही मोजली.

त्या गाण्याची ताकद भाषेतही होती. मुंबईच्या एफएमवर चालते ती हिंदी, इंग्रजी आणि मुंबईची मिसळ. मलिष्काचं रोजचं बोलणंही तसंच. पण पालिकेला प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तिने मराठी निवडली. पालिकेचा कारभार मराठीत चालतो, नोटीस मराठीत निघते, सभागृहातलं भांडण मराठीत होतं. हिंदीतला टोमणा कदाचित कानावरून गेला असता. हा घरच्या भाषेत आला आणि घरातच ऐकू गेला. २०१८ च्या पावसाळ्यात तिने ‘झिंगाट’च्या चालीवर पुन्हा खड्ड्यांचं गाणं केलं. २०१९ मध्ये नटूनथटून खड्ड्यांपाशी उभी राहिली आणि चंद्रावरच्या विवरांशी त्यांचं नातं जोडलं. माझं मत विचाराल तर त्या नंतरच्या प्रयोगांत पोशाख आणि चित्रफीत पुढे आली, आवाज मागे पडला. रेडिओची गंमत डोळे मिटून कळायला हवी.

आणि २०१७ च्या त्या गाण्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, मुंबई पुन्हा बुडाली. एल्फिन्स्टन रोडजवळ पाण्यातून चालत घरी निघालेले शहरातले एक नामांकित पोटविकारतज्ज्ञ उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह मिळाला. मॅनहोलवर झाकण नव्हतं. ५०० कोटींच्या दाव्याबद्दल त्यानंतर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात एका सकाळी मी गोरेगावहून रिक्षाने निघालो होतो. रिक्षावाले काका साठीचे असतील. हँडलजवळ रेडिओ बांधलेला, त्यावर कुठली तरी आरजे रस्त्यांवरून पालिकेला सुनावत होती. महामार्गाला लागायच्या आधी रिक्षाचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं, मी टपाला आपटलो, आणि त्याच क्षणी तिचं वाक्य संपून गाणं सुरू झालं. काकांनी मागे वळून मला लागलं का ते विचारलं. मग आवाज थोडा वाढवला आणि रेडिओकडे बघून म्हणाले, ‘बये, एकदा आमच्या आरेच्या रस्त्याचंपण नाव घे की.’