क्लिक दुसऱ्याचे, शिक्षा मालकाला

दिवसाला पाच-सात क्लिक मिळवणाऱ्या छोट्या संकेतस्थळाच्या जाहिरात खात्यात एके सकाळी तीनशे क्लिक दिसले, की नवखा मालक हरखून जातो. जाणत्याच्या मात्र पोटात गोळा येतो. वाचक तेवढेच, लेखही कालचेच, मग एवढ्या जाहिराती दाबल्या कुणी?

याला ‘क्लिक बॉम्बिंग’ म्हणतात. कुणीतरी खुन्नस म्हणून किंवा स्पर्धेपायी दुसऱ्याच्या साइटवरच्या जाहिराती पुन्हा पुन्हा दाबत सुटतो. कधी स्वतः बसून, कधी प्रोग्रॅम लावून. त्यातून त्याला दमडीही मिळत नाही. मालकच लबाडी करतोय असे जाहिराती पुरवणाऱ्या गुगलला वाटावे आणि त्याचे खाते बंद पडावे, एवढाच त्याचा हेतू.

गुगलने संशय घ्यावा असा इतिहासही आहे. २००३ मध्ये गुगलची ‘ॲडसेन्स’ ही जाहिरात सेवा सुरू झाली आणि घरबसल्या चालवलेल्या साइटलाही जाहिरातींचे उत्पन्न मिळू लागले. पाठोपाठ फसवणूक आलीच. टेक्सासमधल्या ‘ऑक्शन्स एक्स्पर्ट इंटरनॅशनल’ने आपल्याच साइटवरच्या जाहिराती दाबून घेतल्या, असा दावा गुगलने २००४ मध्ये लावला आणि ७५,००० डॉलरची भरपाई मिळवली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने बातमी दिली, की भारतातल्या गृहिणी आणि पदवीधर पैशांसाठी घरी बसून परदेशी जाहिराती दाबत आहेत.

प्रत्येक क्लिकचे पैसे मोजणारे जाहिरातदार मग कोर्टात गेले. अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्यातल्या ‘लेन्स गिफ्ट्स’ या भेटवस्तूंच्या दुकानाने २००५ मध्ये लावलेला दावा पुढच्या वर्षी ९ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्या खटल्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गुगलची यंत्रणा आतून तपासली. गुगलचे प्रयत्न त्यांनी वाजवी ठरवले, पण एका कोंडीवर नेमके बोट ठेवले. अवैध क्लिक कसे ओळखतो हे उघड केले, तर भामटे त्यातून पळवाट काढणार. ते गुप्त ठेवले, तर हिशेब बरोबर आहे की नाही हे बाहेरच्या कुणालाच पडताळता येणार नाही. शिवाय क्लिक करणाऱ्याच्या मनात काय होते, हे यंत्राने ओळखायचे तरी कसे?

छोटा मालक सापडतो तो याच कोंडीत. जाहिरातीवरचे क्लिक थेट गुगलकडे नोंदले जाते. मालकाच्या सर्व्हरला फक्त पान उघडल्याचे कळते. एकाच आयपी पत्त्यावरून तेच पान रात्री दोन वाजता दर चार सेकंदांनी उघडले गेले, एवढेच तो दाखवू शकतो. गुगलच्या नियमांप्रमाणे आपल्या जाहिरातींवरच्या क्लिकची जबाबदारी मालकाचीच, क्लिक कुणीही केलेले असो. खाते बंद झाले तर अपील करता येते, पण नेमके कुठले क्लिक खटकले हे सांगितले जात नाही. गुप्ततेची गरज मान्य केली, तरी निर्दोष माणसाला आरोपाचा तपशीलही मिळू नये, हा अन्यायच आहे.

२०२४ पासून ॲडसेन्सने मालकांचे पैसे क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर मोजायला सुरुवात केली. तरीही अवैध क्लिकचा नियम कायम आहे.

म्हणून आकडे अचानक उसळले, की महिनाअखेरीची वाट पाहू नये. सर्व्हरची नोंद त्याच दिवशी उतरवून ठेवावी, संशयित आयपी पत्ते अडवावेत, गरज पडल्यास काही दिवस जाहिराती काढून टाकाव्यात आणि अवैध क्लिक कळवण्यासाठी गुगलचा जो फॉर्म आहे, तो स्वतःहून भरावा. आणि ज्यांच्या घरातल्या कुणी नवी साइट सुरू केली आहे, त्या काका-मावश्यांना एकच विनंती: लेख मन लावून वाचा, चार जणांना पाठवा, पण मदत म्हणून जाहिराती दाबू नका. कौतुकाचे क्लिक कुठले आणि वैऱ्याचे कुठले, हे गुगलच्या यंत्राला कळत नाही.