मोगऱ्याला चंदनाची साथ: फुला-लाकडाचा सुगंध कसा लावावा

पॅरिसच्या गेर्लां या घराण्याने 1989 मध्ये बाजारात आणलेले 'सामसारा' हे स्त्रियांसाठीचे परफ्यूम जाई-मोगऱ्याच्या कुळातील जॅस्मिन आणि चंदन या जोडीवर उभे आहे. फुलांच्या वासातले बरेच घटक हलके असतात, ते लवकर उडून जातात. चंदनातले सँटॅलॉल जड असते, ते सावकाश उडते. म्हणून सुरुवातीला फूल दरवळते आणि काही तासांनी त्वचेवर चंदन उरते. असे परफ्यूम विकत घेताना कागदाच्या पट्टीवरच्या वासावर विसंबू नका. मनगटावर लावून निदान अर्धा तास थांबा, मगच ठरवा.

लावण्याची उत्तम वेळ अंघोळीनंतरची. कोरड्या त्वचेवर वास टिकत नाही, म्हणून आधी बिनवासाचे क्रीम लावा. मग मनगट, मानेची मागची बाजू आणि कोपराची आतली घडी इथे वीतभर अंतरावरून एकेक फवारा पुरे. मनगटे एकमेकांवर घासू नका. रेशमी साडीवर आणि मोत्यांवर परफ्यूम पडू देऊ नका, डाग पडतात आणि मोत्यांची झळाळी जाते. उन्हाळ्यात वास उग्र होतो, तेव्हा एकच फवारा मारा. बाटली ऊन आणि उष्णतेपासून दूर, कपाटात ठेवा.