मग छापण्याआधी फोटो तपासा, नाहीतर मगही जाईल आणि गिऱ्हाईकही!



मग प्रिंटिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, मशीन कोणतं घेऊ?" मशीन महत्त्वाचं आहेच. पण मग बिघडतो तो बहुतेक वेळा प्रेसमध्ये नाही, त्याआधी फोटो तयार करताना.

समजा, तुम्ही वीरला घरच्या पडवीत प्रेस मांडलंय. गणपतीला मुंबईहून आलेली एक ताई व्हॉट्सॲपवर लग्नातला ग्रुप फोटो पाठवते. "दादा, यातले आमचे आजोबा तेवढे मगवर घ्या. ते आता नाहीत, आणि दुसरा फोटोही नाही." ऑर्डर एकाच मगची. पण चेहरा धुरकट आला, तर ती गोष्ट दासगाव, महाडपर्यंत जाते. म्हणून पुढच्या गोष्टी नीट करा.

१. आधी पिक्सेल मोजा

चांगल्या छपाईला ३०० डीपीआय लागतो. सोपा हिशोब लक्षात ठेवा: छपाईच्या दर सेंटीमीटरला ११८ पिक्सेल. फोटो ८ सेंमी रुंद हवा, तर ८ × ११८ म्हणजे साधारण ९४५ पिक्सेल. त्याच्या निम्मे असले तरी काम भागतं. त्याखाली गेलात की फोटो फाटतो.

आता गंमत बघा. ताईंचा फोटो १६०० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे पुरेसा वाटतो. पण त्यातून आजोबा कापून घेतले, तर हातात उरतात ३०० पिक्सेल! म्हणून पिक्सेल मोजायचे ते कापल्यानंतर.

मग करायचं काय? मूळ फाइल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागा, कारण नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो. आजोबांचा एखादा जुना पासपोर्ट फोटो कागदपत्रांत आहे का, तेही विचारा. साडेतीन बाय साडेचार सेंमीचा तो फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला, तर सुमारे ८२७ × १०६३ पिक्सेल मिळतात. मगसाठी एवढे भरपूर.

ॲपमधून चेहरा 'क्लियर' करताना जपून. ॲप कधीकधी नाक-डोळे स्वतःच्या मनाने बनवतं. घरच्यांना दाखवल्याशिवाय तो फोटो छापू नका.

२. मगचं माप घ्या

नेहमीच्या ११ औंसाच्या मगवर साधारण २० × ९ सेंमी जागा मिळते, म्हणजे सुमारे २३६० × १०६० पिक्सेल. पण कंपनीनुसार माप बदलतं. कागदाची पट्टी कानापासून कानापर्यंत गुंडाळून स्वतः मोजा. वरच्या-खालच्या काठाला आणि कानाजवळ प्रेसचा दाब नीट बसत नाही. तिथे चेहरा किंवा नाव ठेवू नका.

३. फोटो कुठे बसवायचा?

उजव्या हाताने चहा पिणाऱ्याला डिझाइनचा उजवा अर्धा भाग दिसतो, समोरच्याला डावा. मधोमध ठेवलेला फोटो दोघांनाही अर्धाच दिसतो. म्हणून आजोबा उजवीकडे, नाव किंवा दुसरा फोटो डावीकडे.

४. रंग आणि अक्षरं

सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते. फोटोतला पांढरा भाग म्हणजे मगचाच पांढरा. स्क्रीनवर काळपट दिसणारा फोटो मगवर आणखी काळा येतो, म्हणून तो थोडा उजळा. कागदावर रंग फिके दिसले तर घाबरू नका, उष्णतेने ते खुलतात.

मराठी मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की जोडाक्षरं तुटू शकतात. फाइल देण्याआधी अक्षरांचे 'कर्व्ह' करून घ्या. आणि शेवटी मिरर करायला विसरू नका. फोटो उलटा आला तर एखाद्या वेळी खपून जाईल, नाव उलटं आलं तर मग वाया.

५. फोटो कोणाचा?

६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक दिन असतो, २० मार्चला चवदार तळ्यावर लोक येतात. अशा दिवसांसाठी मग करायचे तर नेटवरून फोटो उचलू नका. तो कोणाच्या तरी मेहनतीचा असतो. रायगड आपल्या तालुक्यातच आहे. सकाळच्या उजेडात जा, स्वतःच्या मोबाईलने फोटो काढा. तोच तुमच्या धंद्याचा वेगळेपणा!

छापण्याआधी एकच नियम

तयार डिझाइन मिरर न करता गिऱ्हाईकाला पाठवा. नाव, तारीख, चेहरा तपासायला सांगा आणि "ठीक आहे" असं लेखी उत्तर आल्यावरच प्रेस तापवा. फोटो चालणार नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. शंभर-दोनशे रुपयांची ऑर्डर गेली तरी चालेल. "हा माणूस खरं सांगतो" ही ओळख झाली, की तीच ताई पुढच्या लग्नात पन्नास मगांची ऑर्डर घेऊन येऊ शकते.

आज एवढंच करा: घरातला एक जुना फोटो घ्या, कापा, पिक्सेल मोजा. जमलं की मगच कोऱ्या मगांचा पहिला बॉक्स मागवा.